कोरी करंगळी

गाठीवाली मावशी माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघायची. आधी पाय. कारखान्यात नवा माणूस आला की तिची नजर सरळ त्याच्या अंगठ्यांवर जायची, तिथून करंगळ्यांवर, आणि मग सावकाश चढत चढत चेहऱ्यापर्यंत पोचायची. तोवर समोरचा माणूस अर्धा ओशाळलेला असे. मी तर पूर्ण ओशाळलो होतो. एका पायावर दुसरा पाय ठेवून उभा होतो. ती म्हणाली, "काहून लपवून राहिला गा पाय? चोरीचे आहेत का?"

गांधीबागेच्या मागच्या गल्लीत सूत रंगवायचा कारखाना होता तो. आणीबाणीच्या आधीची दोन-तीन वर्षं. मी सावंतवाडीकडचा. सहावीत शाळा सुटली ती सुटलीच. बाविसाव्या वर्षी गावच्या एका माणसाच्या ओळखीने नागपूरला आलो आणि तिथल्या रंगाच्या हौदांपाशी कामाला लागलो. पायाखाली पाणी मला नवीन नव्हतं, पण आमच्याकडचं पाणी वाहून जातं. इथलं तुंबायचं. सोड्याचं, रंगाचं, उकळीचं पाणी फरशीवर दिवसभर घोटाभर साचलेलं, आणि त्यात आम्ही बारा माणसं अनवाणी. चपलेची माती सुताला लागते, म्हणून चपला दाराबाहेर काढायचा शेठजींचा नियम होता. वर्षभरातच पायाची नखं पिवळी पडत, जाड होत, मग कडेने भुगा होऊन गळू लागत. वरून रंग चढलेला, त्यामुळे आठवडाभर हिरवी, तर पुढचा आठवडा तांबडी.

भिणं हा माझा जुना स्वभाव. सहा महिन्यांत माझा उजवा अंगठा दगडासारखा झाला तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं की हा महारोग. त्या काळात त्या रोगाचं नाव घेतलं तरी माणसं सरकून बसायची. इथून हाकललं तर जायचं कुठे? आणि गावी तरी काय तोंडाने जायचं? मी अंगठ्याला चिंधी बांधून काम करू लागलो. मावशीने तिसऱ्या दिवशी मला गच्चीच्या जिन्यात गाठलं, चिंधी सोडली आणि लुगड्याला टोचलेली सेफ्टी पिन काढून नखाच्या कडेला टोचली.

मी ओरडलो.

"दुखलं का?"

"दुखलं की!"

"मंग महारोग नोहे तो. दुखते ते आपलंच राह्यते." पिन पुसून तिने परत जागेवर लावली. "नख सडलं फक्त. पाण्यानं. माहे पाह्य."

आणि तिने आपले दोन्ही पाय पुढे केले. एक करंगळी सोडून सगळ्या बोटांना वेगवेगळ्या गाठींचे दोरे बांधलेले होते. त्या दिवशी मी रडलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही. एवढ्या लांब आल्यावर माझ्या पायाला हात लावणारी ती पहिलीच होती.

गाठींचं आधी सांगतो. कोष्ट्यांची घरं आपापलं सूत आमच्याकडे आणून टाकत. सगळ्यांच्या लडी एकाच हौदात जायच्या. चिठ्ठी लावावी तर विरघळते, खूण करावी तर रंगाखाली जाते. म्हणून प्रत्येक लडीला दोरा आणि दोऱ्याला गाठी. एक गाठ अमक्याची, दोन तमक्याची, दोन गाठींमध्ये बोटभर जागा सोडली तर तिसऱ्याची. हे काम मावशीचं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ओली लड नुसती बोटांतून फिरवून ती कोणाच्या घरची ते सांगायची. एवढ्या वर्षांत एकाची लड दुसऱ्याकडे गेली नाही. एखाद्या लडीची गाठ सुटलेली निघाली तर मुकादम म्हणायचा, "असेल कोण्या तरी कोष्ट्याची, दे टाकून." मावशी द्यायची नाही. ती लड खुंटीला टांगून ठेवायची आणि म्हणायची, "सुटलेल्या गाठीची लड मी कोणाच्याच नावानं देत नसते."

दुसरी एक रीत होती. प्रत्येक खेपेतली एक लड न रंगवता दाराशी टांगायची. तिला कोरी म्हणत. रंग किती चढला ते त्या कोरीशेजारी धरून बघायचं. नवी माणसं कोरी ठेवायला कंटाळत. मावशी त्यांना सुनवायची, "एक कोरी ठेवाच लागते बाप्पा. नाही तं रंग चढला का आपली नजर चढली, काही समजत नाही."

तर हीच रीत तिने आपल्या पायांना लावली होती. नऊ बोटांना नऊ औषधं, आणि डाव्या पायाची करंगळी कोरी. कोणत्या बोटाला काय, ते दोऱ्याच्या गाठी सांगत. कडुनिंबाचं तेल होतं, मोहाचं तेल होतं, राकेल होतं. एका बोटाला लिंबू, एकाला लसूण. डाव्या अंगठ्याला औषधाच्या दुकानातलं गजकर्णाचं मलम. लाल दवा होती, टिंचर होतं. एका बोटाला दवाखान्यातलं जांभळं औषध, पण आमच्याकडे हौदाचं जांभळं कोणतं आणि दवेचं कोणतं ते फक्त तिलाच कळे. बिब्बा तिने एकदाच लावला. टरारून फोड आले, पंधरा दिवस लंगडत होती. त्या बोटाचा दोरा तिने तोडून टाकला, "हा बाद," म्हणाली, आणि फोड बरे झाल्यावर तिथे लसूण आला.

भट्टीवरचा गणपत तिला फार छळायचा. "मावशी, दहा बोटाईले दहा नवरे केले का वं?"

"नऊ रे मुडद्या. एक कुवारी आहे."

"तिनं काय पाप केलं?"

"तिच्यावरच तं साऱ्याईचा संसार समजते."

कोणी म्हणे, अमक्या बाबाचा काळा दोरा बांध. ती म्हणे, "बांधतो ना. पण एकाच बोटाले. बाकीच्याईसंगं पाहू." मग बाबाचा माणूस नाद सोडायचा. छप्पन साली दीक्षेच्या दिवशी ती नवऱ्याबरोबर नवं पांढरं लुगडं नेसून मैदानात उभी होती, हे ती कधी कधी सांगायची. आता नवरा नव्हता, मुलगा बल्लारपूरला होता, आणि पाचपावलीतल्या एका खोलीत ती एकटी राहायची. "ऐकलं म्हून मानायचं नाही," असं ती त्या दिवसाबद्दल बोलताना म्हणायची आणि लसणाबद्दल बोलतानाही म्हणायची.

दर रविवारी ती नखं कानशीने घासायची, औषधं लावायची आणि निरखून बघायची. वर्षभराने मी विचारलं, "मग मावशी, कोण जिंकलं?" तिने उसासा टाकला. "जिंकते कोण? राकेलानं चामडी जळते. लिंबानं नुसता वास जाते. तेलानं नख नरम येते, घासाले बरं पडते. मलमानं कडेची खाज थांबते, थोडं साफही दिसते. पण खालून नवं नख येते ते पुन्हा पिवळंच." मग म्हणाली, "नख खोटं नाही बोलत गा. पण लय उशिरा बोलते. अंगठ्याले साल लागते, दीड साल लागते. तेवढा दम कोणाले आहे?"

तिला होता. पण थकलेला दम होता तो. एकदा ती धंतोलीतल्या एका मोठ्या डॉक्टरकडेही जाऊन आली होती. डॉक्टर चांगला होता, म्हणाला, बाई, पाय कोरडे ठेवा. हे सांगताना ती हसायची, पण हसणं गालापर्यंतच. "म्या म्हटलं, डॉक्टरसाहेब, पाय कोरडे ठेवले तं पोट कोरडं राह्यते."

पुढे तिची कंबर गेली. हौदाशी वाकणं होईना, म्हणून मुकादमाने तिला गच्चीवर वाळवणीच्या कामाला लावलं. बांबूंवर लडी टाकायच्या, उलटायच्या, सुकल्या की खाली सोडायच्या. दिवसभर जिन्यातून तिचा आवाज यायचा. लड मुठीत दाबून बघायची. दमट असली तर, "अजून ओलं." झाली असली तर, "सुकलं. उतरव." की वरचा माणूस लड बांबूवरून उतरवायचा. खाली हौदांपाशी उभं राहून हे दोन शब्द ऐकत मी दीड-दोन वर्षं काढली.

गच्चीवर पाणी नव्हतं. ऊन होतं. आणि चार-पाच महिन्यांत तिच्या नखांच्या मुळाशी पांढरंस्वच्छ नख दिसू लागलं. एका बोटाला नाही, सगळ्यांना. कोऱ्या करंगळीलासुद्धा. तिने मला वर बोलावून दाखवलं. मला वाटलं ती आनंदात असेल. ती एकेक नख चाचपत होती. म्हणाली, "सारेच सुधारून राहिले. मंग दवाई कोणती लागली? कोणतीच नाही. ते पाणी सुटलं ना माह्या पायाखालचं."

दुसऱ्या दिवशी ती शेठजींच्या गादीपुढे जाऊन उभी राहिली. तिचं मागणं साधं होतं: हौदांच्या कडेने लाकडी फळ्या टाका, माणसं पाण्याच्या वर उभी राहतील. शेठजी वाईट माणूस नव्हते. पण तुंबलेल्या पाण्यात ते स्वतः कधी उभे राहिले नव्हते. ते म्हणाले, "मावशी, फळ्या कशाले? तुम्हीच इतक्या दवाया करून पाहिल्या. जी चांगली असेल ती सांगा, डबे आणून देतो सगळ्यांना." मावशीने लुगडं वर सरकवून डावी करंगळी दाखवली. "हिले काहीच लावलं नाही शेठजी. ही काहून साफ होऊन राहिली मंग?" शेठजींनी चष्मा लावून पाहिलं. अजून अर्धं नख पिवळंच होतं. ते म्हणाले, "ठीक. विनादवाईची ही करंगळी दिवाळीपर्यंत पूर्ण साफ झाली, तर फळ्या टाकून देतो. जबान देतो."

ही गोष्ट खाली कळली तेव्हा गणपतसुद्धा थट्टा विसरला. बारा माणसांचे चोवीस पाय त्या एका करंगळीवर येऊन ठेपले. येता-जाता जो तो विचारायचा, "मावशी, कुवारी कशी आहे?"

दसऱ्याच्या आधी मावशीला ताप भरला. विषमज्वर होता. तीन आठवडे ती पाचपावलीतल्या खोलीत पडून होती. मुलगा येऊन दोन दिवस राहून गेला, त्याला सुट्टी नव्हती. मी कामावरून सुटलो की जायचो. पेज द्यायचो, शेजारची बाई अंग पुसायची, मी पाय धुवायचो. तापात ती असंबद्ध बोलायची, लडी मोजायची. तिच्या पायांचे दोरे मळून कुजले होते, धुताना ते एकेक सुटून हातात आले. कोनाड्यात औषधांच्या बाटल्या होत्या, पण कोणती कोणत्या बोटाची ते मला आठवेना. मलम तेवढं बरं, असं तीच म्हणाली होती. मी मलम घेतलं आणि लावत गेलो. नऊ बोटं झाली. दहावी करंगळी राहिली.

ती कोरी ठेवायची आहे हे मला माहीत होतं. विसरलो असतो तर एक वेळ बरं झालं असतं. पण आजारी माणसाचे पाय मांडीवर घेऊन बसलं की डोकं वेगळंच चालतं. नऊ जणींना वाढलं आणि एकीला सावत्र लेकीसारखी उपाशी ठेवली, असं वाटलं मला. ह्या बाईने माझा पाय हातात घेतला होता आणि मी तिच्या एका बोटाला नाही म्हणू? मी तिलाही मलम लावलं. तीन आठवडे, रोज.

ताप उतरल्यावर ती पहिल्यांदा उठून बसली आणि तिने सवयीने पायच पाहिले. करंगळी साफ झाली होती. टोकापर्यंत. मग तिने नखावरून हाताचं बोट फिरवलं आणि ते नाकाशी नेलं.

"कोणं लावलं?"

"मी."

ती भिंतीकडे बघत बसली. मला वाटलं शिव्या देईल, बरं होईल. शेवटी मीच म्हणालो, "मावशी, तीन आठवड्यांच्या मलमाने काय होतंय? नख आधीच निम्मं आलं होतं. कोणाला कळणार आहे? तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही. फळ्या पडतील. आपल्या सगळ्यांचं भलं होईल."

"सुटलेल्या गाठीची लड मी कोणाच्या नावानं देतो का?" एवढंच म्हणाली. मग मला म्हणाली, "पेज आण."

दिवाळीच्या चार दिवस आधी ती काठी टेकत कारखान्यात आली. शेठजींनी करंगळी पाहिली, खूश झाले, मुकादमाला म्हणाले, "पाहा, जबान दिली आहे आपण." तेव्हा मावशी म्हणाली, "थांबा शेठजी. माह्या आजारात हिले मलम लागलं. ही कोरी नाही आता." मी दाराशी उभा होतो. तिने माझं नाव घेतलं नाही. शेठजींनी चष्मा काढून पुसला. "मग तर मलमच झालं ना मावशी! मलमानेच साफ झाली." त्यांनी त्याच दिवशी गजकर्णाच्या मलमाचे दोन मोठे डबे मागवले. माणसांना पेढे वाटावे तसं मलम वाटलं गेलं. सगळे आनंदात होते. फरशीवर पाणी होतंच, त्यात मलम तासाभरात धुऊन जायचं.

मी आठ दिवस तिच्यासमोर गेलो नाही. नवव्या दिवशी तिनेच जिन्यातून हाक मारली. "ए कोकण्या, वर ये." मी गेलो. ती म्हणाली, "माही पाळी झाली. आता तू कोरा राह्य."

मला कळेना.

"मी गच्चीवर आहो, माह्या पायाचं कोण मानन? तू हौदापाशीच राह्य. संत्र्याच्या पेटीच्या फळ्या आण, त्यावर उभा राह्य. सरकशीन तिकडे फळी सरकव. अन् पायाले काहीच लावू नको. मलम नाही, तेल नाही, काहीच नाही. बाकीचे अकरा मलम लावून पाण्यात आहेतच. एक साल."

"एक साल?"

"अंगठा आहे ना तुहा. तो लवकर बोलत नसते."

संत्रा बाजारातून मोडक्या पेट्या मिळाल्या. मी त्यांची पाटासारखी फळी ठोकली आणि तिच्यावर उभा राहून लडी बुचकळू लागलो. "पाहा रे, नवरदेव पाटावर उभा!" गणपतने पहिल्या दिवशी आरोळी ठोकली. "अंतरपाट धरा कोणी!" रोज काहीतरी असायचंच. फळी सरकवताना काम मागे पडे, मुकादम ओरडे. दोनदा फळी कुजली, दोनदा नवी केली. खाज सुटली की मलमाचा डबा समोरच खिडकीत दिसायचा. मी हात लावला नाही. आयुष्यात मी कुठल्याच गोष्टीला एवढा चिकटून राहिलो नाही, शाळेला तर नाहीच. पुढे पुढे मी नखाची वाटही बघेनासा झालो. फक्त फळी सरकवत होतो.

पावसाळ्यात मावशीचं कारखान्यात येणं थांबलं. डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, जिना दिसेना. मी रविवारी पाचपावलीला जायचो. ती खाटेवर भिंतीला टेकून बसलेली असायची. मी खाली बसून पाय तिच्या मांडीवर ठेवायचो. मोठ्या माणसाच्या मांडीवर पाय द्यायचा म्हणून पहिल्यांदा मी मागे सरकलो होतो, तर म्हणाली, "दे इकडे. माही लड आहे ते." ती अंगठा माझ्या नखावरून फिरवायची, मुळापासून टोकापर्यंत, जिथे खरखर लागे तिथे थांबायची. "अजून ओलं," म्हणायची. मी पाय काढून घ्यायचो, तिचं पाणी भरून द्यायचो आणि निघायचो. असे किती रविवार गेले, आठवत नाही.

पुढल्या दिवाळीला शेठजींनी माझा पाय पाहिला. शेजारी गणपत आपला पाय घेऊन उभा राहिला, मलम लावलेला, जाड, पिवळा. त्याला कोणी सांगितलं नव्हतं, तो आपणहून आला. मुकादमाने साक्ष दिली की ह्याने डब्याला बोट लावलं नाही. शेठजी बराच वेळ दोन्ही पाय बघत राहिले. मग म्हणाले, "मावशीला सांग, जबान होती." फळ्या पडल्या, पण तीनच हौदांपाशी. बाकीच्या तीन हौदांपाशी पडायला आणखी दोन वर्षं लागली. तोवर मावशी राहिली नव्हती. ती त्याच हिवाळ्यात गेली. मुलगा येईपर्यंत तिच्या पायाशी मी बसलो होतो.

मी पुढे पस्तीस वर्षं हौदांपाशी काढली. आता पाय फार दुखतात, पण नखं चांगली आहेत. लेकी-सुना काही नवीन औषध आणतात, हे घ्या, याने बरं वाटेल म्हणतात. मी घेतो. मग विचारतो की आधी कसं होतं ते कोणी पाहून ठेवलंय का? त्या हसतात. म्हातारा झालाय म्हणतात.

फळ्या पडल्या त्या आठवड्याच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो होतो. तीन हौदांचं सांगितलं. ती "हं" म्हणाली, जास्त काही नाही. थकली होती फार, बोलताना मधेच डोळे मिटायची. मग तिने मांडीवर थोपटलं. मी पाय ठेवला. तिने अंगठा नखाच्या मुळाशी टेकवला आणि हळूहळू टोकाकडे नेला. कुठेच थांबली नाही. पुन्हा एकदा मुळापासून नेला. मग माझा अख्खा अंगठा तिने मुठीत धरून दाबला, लड दाबायची तसा.

"सुकलं," ती म्हणाली. "उतरव."

मी तिच्या मांडीवरून पाय उतरवला.